सड्यावर रंगांचा सडा

वीकेंडला कासला जायचा प्लॅन शिजतोय? मग गाडीला चावी मारण्याआधी एवढं वाचाच!

सप्टेंबर उजाडला की ऑफिसातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो येतोच येतो. लांबच लांब गुलाबी-जांभळी चादर, वर उतरलेले ढग आणि खाली प्रश्न, 'या शनिवारी कोण कोण?' कास पठाराचा सीझन सुरू झाल्याची ही वर्दी! पुण्याहून साताऱ्यापर्यंत साधारण ११० किलोमीटर आणि तिथून घाटरस्त्याने आणखी पंचवीसेक. म्हणजे सकाळी निघून रात्री घरी. आपल्या पिढीला आणखी काय हवं?

पण गंमत अशी, की कासला जाऊन आलेले निम्मे लोक कास न बघताच परत येतात. फोटो होतात, कणीस खाऊन होतं, बघायचं मात्र राहून जातं.

खडकावरची बाग
मुळात कास ही बाग नाहीच. इथे कुणी बी पेरत नाही, पाणी घालत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवरचा हा जांभ्या दगडाचा सडा. त्यावर मातीचा थर इतका पातळ, की झाडाला धड मूळ धरता येत नाही. उन्हाळ्यात गेलात तर 'हेच का ते?' असं म्हणाल. पावसाळ्यात मात्र याच कातळावर लाखो इवली रोपं उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि गायब होतात. सगळा कारभार जेमतेम काही आठवड्यांचा! पठारावर फुलझाडांसह वनस्पतींच्या ८५० च्या आसपास जाती नोंदल्या गेल्यात. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात महाराष्ट्रातली चार आणि त्यातलं एक कास.

गुडघे टेका!
कास उभ्याने बघायचं नसतं. पायवाटेवरच गुडघे टेका, मग खरी धमाल. ही निळी-जांभळी नाजूक फुलं म्हणजे 'सीतेची आसवं'. नाव इतकं हळवं, पण बाईसाहेब चक्क मांसाहारी! मातीत पोषण कमी म्हणून जमिनीखालच्या बारीक पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव पकडून त्यांच्यावर गुजराण करतात. शेजारी पांढरी बटणं विखुरल्यासारखा गेंद, गुलाबी तेरडा, पिवळीधमक सोनकी. पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके दिसले तर तो 'मिकी माऊस'. आणि इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा तुरा दिसला, तर तुम्ही नशीबवान. हा वायतुरा मूळचा साताऱ्याकडचाच, त्याच्या शास्त्रीय नावातही सातारा आहे. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच सामूहिक फुलते. दर आठ-पंधरा दिवसांनी रंग बदलतो, त्यामुळे मित्राच्या फोटोतलं कास तुम्हाला दिसेलच असं नाही.

एक सेल्फी, किती फुलं?
आता थोडं कडू. फुलांच्या मधोमध बसून काढलेला फोटो झक्कास येतो, पण बुडाखाली चिरडलेल्या रोपांनी अजून बी टाकलेलं नसतं. बी नाही, म्हणजे पुढच्या वर्षी तिथे फूल नाही. इतकं साधं गणित. म्हणूनच दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आणि प्रवेशशुल्क आलं. आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या वनखात्याबरोबर हा सगळा पसारा सांभाळतात. शिट्टी वाजवून तुम्हाला पायवाटेवर आणणारा पोरगा बहुतेक जवळच्याच गावातला असतो. हंगामातले काही आठवडे हाच त्याचा रोजगार. फुलं गेली तर तोही गेला.

गर्दी आवरायला मध्यंतरी पठाराला कुंपण घातलं होतं. माणसं थांबली, पण गुरंही थांबली. पूर्वी गावची गुरं इथे चरायची, गवत आटोक्यात राहायचं आणि बुटक्या फुलांना ऊन मिळायचं. चराई बंद झाली तसं गवत माजलं आणि फुलं झाकोळली, असं अभ्यासकांनी सांगितलं. शेवटी कुंपण काढावं लागलं. म्हणजे ज्या म्हशीला आपण फोटोच्या फ्रेमबाहेर हाकलतो, ती या फुलांची जुनी माळीण आहे म्हणायची!

जाताय ना?
ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा हंगाम, पण सगळी मदार पावसावर. जमल्यास शनिवार-रविवार टाळा, रजा टाकून मंगळवारी जा. प्रवेशाचं बुकिंग आधीच ऑनलाइन करा. घसरणार नाहीत असे बूट, रेनकोट आणि जमलं तर एक भिंग घ्या. प्लास्टिक घरीच ठेवा. धुकं असलं तर चिडू नका, अर्धा तास थांबा, कास पडदा उघडतं. स्थानिक गाइड जरूर घ्या, त्याच्याशिवाय अर्धी फुलं दिसतच नाहीत. वेळ उरला तर कास तलाव किंवा ठोसेघरचा धबधबा आहेच. येताना कंदी पेढे आणा. फूल मात्र एकही आणू नका.