समुद्रावरचा बर्फ जागेवर राहत नाही

मी उर्दू आणि मराठी शिकवते. भूगोलाच्या टीचर रजेवर होत्या म्हणून एक तास माझ्याकडे आला, आणि एका मुलीने विचारले, "टीचर, उत्तर ध्रुवाचा बर्फ वितळला तर आपलं न्हावा शेवा बुडेल का?"

समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाने नाही. सरबतातला बर्फ विरघळला म्हणून ग्लास सांडत नाही. समुद्र चढतो तो जमिनीवरचा बर्फ वितळल्याने आणि पाणी तापून फुगल्याने. पण तरंगत्या बर्फाची गोष्ट वेगळीच आहे.

उरणच्या मुलांना मिठागर माहीत असते. ऊन पाणी नेते, मीठ मागे राहते. ध्रुवावर थंडी हे काम दुसऱ्या तऱ्हेने करते. सुमारे उणे १.८ अंशांवर समुद्र गोठू लागतो आणि बरेचसे मीठ खाली पाण्यात ढकलतो. वर जमलेला थर म्हणजे घट्ट झाकण नव्हे. वारा आणि प्रवाह त्याला ओढत नेतात. ताण बसला की तो फाटतो, फटीत काळे पाणी दिसते. दाब आला की तुकडे एकमेकांवर चढतात आणि ढिगारे होतात. हे ढिगारे वर दिसतात त्याहून पाण्याखाली कितीतरी खोल असतात.

नॉर्वेच्या नान्सेनने १८९३ मध्ये 'फ्राम' जहाज मुद्दाम बर्फात अडकवले. बर्फासोबत वाहत ते सुटायला जवळजवळ तीन वर्षे लागली. २००६ मध्ये 'तारा' ही फ्रेंच नौका तशाच वाटेने निघाली आणि ५०७ दिवसांत बाहेर पडली! १९७९ ते २००७ च्या नोंदींतही हिवाळ्यातला बर्फाचा वेग दर दशकात सुमारे १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. वारा तेवढा वाढला नव्हता. बर्फ पातळ झाला होता. पातळ बर्फ लवकर तडकतो, तडकलेला सैल होऊन पळतो. उन्हाळ्यात फटीतले काळे पाणी ऊन शोषते आणि शेजारचा बर्फ आणखी झिजतो. हिवाळ्यात त्याच फटीत नवा बर्फ धरतो, हेही खरे.

आपल्याकडे हे काम गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात चालते. (डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली होती.) २०२१ मध्ये या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रातला घटता उन्हाळी बर्फ आणि आपल्याकडची सप्टेंबरची अतिवृष्टी यांचा संभाव्य संबंध मांडला. 'संभाव्य' या शब्दाखाली मी फळ्यावर दोन रेघा ओढल्या.

तेव्हा आमच्याकडचे भात लोंबीवर आलेले असते. ती मुलगी म्हणाली, "नानीचं शेत गेल्या सप्टेंबरात आडवं झालं." ते कारा समुद्रामुळे झाले, असे मी सांगितले नाही. एका पावसावरून ते ठरत नाही.