केबल काढायची का? आधी घरातला हिशेब बघा

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं थोडं आवरून-सावरून इथे लिहून ठेवतोय.

बोधडीहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. "दादा, आमच्या घरी सगळे मोबाईलवरच बघतात. मग केबलवाल्याला दर महिन्याला पैसे कशाला द्यायचे?" प्रश्न बरोबर आहे. किनवट तालुक्यातली निम्मी पोरं हाच विचार करत असतील. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. घरात वायरचं इंटरनेट असेल तर खुशाल काढा. फक्त मोबाईलच्या डेटावर चालत असेल तर एवढ्यात काढू नका.

आता का, ते बघू.

सुरुवात केबलच्या बिलापासून. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे नवे नियम लागू झाले आणि बिलाचे दोन भाग पडले. एक भाग नुसतं जोडणी ठेवण्याचा, त्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात. दुसरा भाग तुम्ही निवडलेल्या चॅनलचा. पहिल्या भागाची कमाल रक्कम तेव्हा १३० रुपये ठरली, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढून टाकली, त्यामुळे आता तुमच्या गल्लीत किती लागतात ते केबलवाल्यालाच विचारावं लागेल. विचाराच. सोबत चॅनलची यादीही मागा. बहुतेक घरांत "पॅक" म्हणून जे चालू आहे, त्यातली अर्धी चॅनल कोणी कधी लावलेली नसतात. आपल्याकडे आदिलाबाद जवळ, त्यामुळे मराठी, हिंदी, तेलुगू असं तिन्ही लागतं, आणि पॅक फुगत जातो. नको ती चॅनल काढली तरी बिल उतरतं. केबल तोडायच्या आधी हे करून बघायला काय जातंय?

आता मुख्य मुद्दा. केबल आणि स्ट्रीमिंग या दोन्हीत फक्त पडदा सारखा, आतलं काम एकदम वेगळं.

केबल म्हणजे दवंडी. कोतवाल चौकात उभा राहून एकदा ओरडला की अख्ख्या गावाला ऐकू जातं. ऐकणारे पन्नास असोत की पाचशे, त्याला ओरडावं एकदाच लागतं. स्ट्रीमिंग म्हणजे तोच निरोप प्रत्येकाच्या दारात जाऊन वेगळा सांगणं. तुमच्या मोबाईलवर मालिका चालू असते तेव्हा तिची एक प्रत खास तुमच्यासाठी येत असते, शेजाऱ्यासाठी दुसरी. म्हणून तर संध्याकाळी आठला, अख्खं गाव एकाच टॉवरवर असतं तेव्हा, ते गोल चक्र फिरायला लागतं. टॉवरची ताकद ठरलेली, वाटेकरी वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार. क्रिकेटमध्येही हेच कळतं. शेजारी केबलवर "आऊट" म्हणून ओरडतो आणि आपल्या मोबाईलवर बॉलर अजून पळतच असतो.

आता डेटा मोजा. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की एचडीमध्ये तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, मध्यम दर्जाला साधारण ०.७ जीबी. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ वर गेला. मोबाईलवर कमी दर्जात बघत असाल तर दीड जीबी पुरतं. पण टीव्हीला हॉटस्पॉट देऊन एचडी लावलं, तर एका तासात दोन दिवसांचा डेटा साफ! आईच्या तीन मालिका म्हणजेच एक तास झाला. मग तुमचं काय, आजोबांच्या बातम्यांचं काय?

वायरचं इंटरनेट असलं की चित्र बदलतं. जिओफायबरचा ३० एमबीपीएसचा प्लॅन सप्टेंबर २०२० मध्ये ३९९ रुपयांना आला, जीएसटीसह ४७० रुपये ८२ पैसे. तो तुमच्या गल्लीत मिळतोच असं मी म्हणत नाही, अंदाज यावा म्हणून सांगतोय. आणि गंमत म्हणजे लहान गावांत पुष्कळदा फायबर ओढून देणारा माणूस आपला केबलवालाच असतो. त्याचा धंदा बुडवतोय म्हणून वाईट वाटून घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्या. आधी त्यालाच विचारा.

लाईटचाही हिशेब आहे. जुन्या तांब्याच्या केबलला वाटेत जागोजागी अॅम्प्लिफायर लागतात, आणि त्यांना वीज लागते. म्हणून आपल्या घरी लाईट असूनही कधी कधी केबल गायब, कारण पलीकडच्या गल्लीत लाईट गेलेली असते. घराघरात येणाऱ्या फायबरला वाटेत सहसा वीज लागत नाही. तुमच्या घरातला राउटर चालू आणि केबलवाल्याच्या ऑफिसात बॅकअप असला की झालं. राउटरला छोटा यूपीएस लावा. टीव्ही बंद पडला तरी मोबाईलवर मॅच चालू राहते.

मग अॅप. इथे लोक फसतात. झी मराठीच्या मालिका झी-फाईव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिववर. रिमोटच्या एका बटणावर जे होतं त्याला आता तीन वर्गण्या. जिओहॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झालं तेव्हा तीन महिन्यांना १४९ चा प्लॅन होता, पण तो फक्त मोबाईलपुरता. टीव्हीवर बघायचं तर २९९ चा. स्वस्त म्हणून घेतला आणि टीव्हीवर लागेना, अशी तक्रार घरोघरी. फुकटाच्या भरवशावरही राहू नका. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती. पण पाच वर्षांच्या डिजिटल हक्कांना व्हायकॉम१८ ने २३,७५८ कोटी मोजले होते, ते कधीतरी वसूल होणारच होते. २०२५ ला वर्गणी आली.

एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. केबल काढायचं ठरवतो कोण? आपण, ज्याच्या हातात मोबाईल आहे. अडचण होते कोणाची? आई, आजी, आजोबांची. आजीला पासवर्ड टाकायला लावणं, "प्रोफाईल निवडा" म्हणणं, आणि आपण कॉलेजला नांदेडला निघून जाणं, हे बरं नाही. केबल काढणार असाल तर आवाजावर चालणारा रिमोट घ्या आणि महिनाभर दोन्ही चालू ठेवा. त्या महिन्यात घरातल्यांनी केबलकडे परत किती वेळा धाव घेतली ते बघा.

आणि तिसरा रस्ता विसरू नका, डीडी फ्री डिश. २००४ पासून चालू आहे. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच, महिन्याला काही नाही. सह्याद्री, बातम्या, थोडी हिंदी चॅनल येतात. पैसे घेणारी चॅनल त्यावर नसतात, आणि खाजगी चॅनलच्या जागांचा लिलाव होत असल्यामुळे यादी बदलत राहते. मोठ्यांसाठी फ्री डिश, तुमच्यासाठी मोबाईल, अशी जोडी इस्लापूर-मांडवीकडच्या वस्त्यांवर, जिथे फायबर पोचलेलं नाही, तिथे मला सगळ्यात परवडणारी वाटते.

बोधडीच्या भावा, तुझ्यासाठी एवढंच: गल्लीत फायबर आलंय का बघ, आणि आलं असेल तर ज्याच्या घरी आधीपासून आहे त्याच्याकडे रात्री आठला जाऊन बस, कंपनीचा माणूस दुपारी दाखवतो त्यावर जाऊ नको. केबल बंद केलीसच तर सेट-टॉप बॉक्स परत देताना डिपॉझिटची पावती सोबत ने, आणि बॉक्स जमा केल्याचं लिहून घे.