बावीस बार ऑक्सिजन

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या एका डाइव्ह सेंटरमागे कॉम्प्रेसरची खोली आहे. टाकी भरणाऱ्या दादांनी व्हॉल्व्हला हात लावण्याआधी वही उघडली. परत आलेल्या टाकीत ४० बार नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा, शिल्लक होता, ३२ टक्के ऑक्सिजनचा. म्हणजे त्यात ऑक्सिजनचा आंशिक दाब १२.८ बार. टाकी २०० बारपर्यंत भरायची, मिश्रण तेच ठेवायचं, तर ऑक्सिजन हवा ६४ बार. ही तूट सगळी शुद्ध ऑक्सिजनने भरायची नसते, कारण वरून भरायची हवाही आपला २१ टक्के वाटा घेऊन येते. तो धरला की शुद्ध ऑक्सिजन लागतो जेमतेम २२ बार. काटा ६२ वर न्यायचा, पुढे हवा.

मिश्रणातला प्रत्येक वायू एकटा असल्यासारखा दाब देतो आणि एकूण दाब ही त्यांची बेरीज, हे डाल्टनने १८०१ मध्ये मांडलं. सारा हिशेब त्यावरच उभा आहे.

ऑक्सिजन अगदी हळू सोडतात. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ग्रीसचा डागही पेट घेऊ शकतो. शिवाय घाई केली की टाकी तापते, काटा जास्त दाखवतो आणि गार झाल्यावर उतरतो. मी टाकीला तळहात लावला, कोमट लागली. दादांनी व्हॉल्व्ह आणखी आवळला.

एवढी काळजी योग्यच आहे. शरीरावर परिणाम होतो तो आंशिक दाबाचा, आणि समुद्रात दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. १८ मीटरवर साध्या हवेत नायट्रोजनचा दाब २.२ बार, या मिश्रणात १.९, म्हणून खाली जास्त वेळ थांबता येतं. पण ऑक्सिजनची १.४ बारची मर्यादा ३३ मीटरवरच गाठली जाते. चुकून ३६ टक्के भरलं गेलं, तर ती २८ मीटरवर येते. त्याखाली आकडीचा धोका, आणि पाण्यात आकडी आली की माणूस बुडतो. नाकाजिभेला हा फरक मुळीच कळत नाही.

म्हणून ज्याच्या पाठीवर टाकी जाणार, तोच ती मोजतो. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. ही टाकी घेऊन जाणाऱ्या मुलीने ऑक्सिजन मोजायचा मीटर आधी मोकळ्या हवेत २०.९ वर आणला, मग टाकीतला वायू हलकेच सोडला. आकडा ३१.८ वर थांबला. तिने पट्टीवर टक्के, कमाल खोली ३३ मीटर आणि तारीख लिहिली, वहीत सही केली.