ट्रॉलीची पिन आणि अंतराळातली गाठ

खामगावच्या बाजार समितीत हंगामात एक दृश्य हमखास दिसतं. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची असते. ड्रायव्हर मान मागे वळवून इंचाइंचानं रिव्हर्स घेतो. खाली उभा असलेला सोबती हातानं ‘येऊ दे, येऊ दे’ करत राहतो, दोन भोकं एकमेकांवर आली की ‘बस!’ म्हणून ओरडतो आणि वरून पिन टाकतो. ट्रॅक्टर जोरात आला तर दांडा वाकतो, तिरका आला तर पुन्हा पुढे जाऊन नव्यानं मागे यावं लागतं.

या दृश्यातून जमीन काढून टाकली, ब्रेक काढून टाकला आणि ट्रॉलीही पळती ठेवली, की उरतं ते डॉकिंग. म्हणजे दोन यानं अंतराळात एकमेकांना जोडणं. हे काम आज जगभरातली मुलं घरबसल्या करतात, ती कॉम्प्युटरवरच्या खेळात.

प्राग शहरातल्या कीन सॉफ्टवेअर हाउस या कंपनीचा ‘स्पेस इंजिनिअर्स’ हा त्यातला एक गाजलेला खेळ. तो २०१३ साली लोकांपुढे आला. त्यात हार-जीत महत्त्वाची नाही. लघुग्रह खणायचे, लोखंड-निकेल काढायचं, ठोकळ्याला ठोकळा जोडत यान बांधायचं, तळ उभारायचा. खणलेला माल तळावर उतरवायचा तर यान तळाला जोडावं लागतं. त्यासाठी दोन्हीकडे ‘कनेक्टर’ नावाचा भाग बसवतात. दोन कनेक्टर समोरासमोर, पुरेसे जवळ आले की दिवा पिवळा होतो. कळ दाबली की तो हिरवा होतो, गाठ पक्की बसते आणि वीज नि माल इकडून तिकडे जाऊ लागतो.

नवख्याचं पहिलं यान बहुतेक वेळा तळावर आपटतं. जमिनीवर वाढलेल्या माणसाच्या अंगात एक सवय मुरलेली असते: ढकलणं थांबवलं की वस्तू थांबते. अंतराळात ती थांबत नाही. पुढे नेणारं इंजिन विझवलं तरी यान त्याच वेगानं जात राहतं, आणि थांबवायचं तर उलट दिशेनं तेवढाच जोर लावावा लागतो. म्हणून यानाला पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली अशा सहाही दिशांना इंजिनं लागतात. एक दिशा विसरली की त्या बाजूनं यान थोपवता येत नाही.

खेळात मदतीला ‘डॅम्पनर’ असतो. कळा सोडल्या की तो आपोआप उलटा जोर लावून यान उभं करतो. उभ्या तळाला जोडताना हे सोयीचं पडतं. पण चालत्या मोठ्या जहाजाला जोडायचं असेल तर हाच डॅम्पनर घात करतो, कारण तो यानाला जागच्या जागी थांबवतो आणि जहाज पुढे निघून जातं. अशा वेळी आधी जहाजाच्या वेगाशी वेग जुळवावा लागतो. डॉकिंगचा सगळा गाभा इथे आहे. जागा गाठणं त्या मानानं सोपं असतं, कठीण असतं ते दोघांच्या वेगातला फरक जवळजवळ शून्यावर आणणं. पृथ्वीभोवतीचं अंतराळ स्थानक ताशी सुमारे २७,५०० किलोमीटरनं फिरतं, पण भेटीला आलेलं यानही तेवढ्याच वेगानं फिरत असेल तर ती दोन्ही एकमेकांच्या लेखी उभीच असतात.

वेग जुळला नाही तर काय होतं, ते बुलढाणा जिल्ह्यात दगडावर कोरून ठेवलेलं आहे. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. बाहेरून येणारा दगड पृथ्वीच्या ओढीमुळेच सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग घेतो. त्याहून कमी वेगानं तो वातावरणाच्या वेशीवर पोचूच शकत नाही. लोणारला तशा वेगाची धडक बसली आणि कठीण बसाल्ट वितळला, उधळला. बसाल्टमधलं इतकं सुस्थितीतलं विवर दुर्मीळ, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे लोणारकडे वळतात. याच्या अगदी उलट टोकाला दोन उपग्रह अंतराळात जोडण्याचा इस्रोचा ‘स्पेडेक्स’ हा प्रयोग आहे. त्यातली जोडणी सेकंदाला १० मिलिमीटर इतक्या वेगासाठी आखलेली होती. मुंगीसुद्धा याहून चपळ चालते. दोन वेगांमध्ये किमान ११ लाख पटींचा फरक आहे.

‘स्पेस इंजिनिअर्स’ एक मोठी गोष्ट मात्र गाळतो, ती म्हणजे कक्षा. त्यात ग्रह आहेत, गुरुत्वाकर्षण आहे, पण ग्रहाभोवती खरंखुरं फिरणं नाही. ते शिकवणारा खेळ दुसरा: मेक्सिकोतल्या स्क्वाड कंपनीचा, २०११ पासूनचा ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’. शिकण्याच्या दृष्टीनं तो कितीतरी सरस आहे. पुढचं यान गाठायला त्याच्या रोखानं जोर लावला की आपली कक्षा उंच होते, उंच कक्षेतला फेरा लांब पडतो आणि आपण मागे राहतो. गाठायचं असेल तर वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावं लागतं, कारण खालचा फेरा लवकर पुरा होतो. ट्रॉली लावून ट्रॅक्टर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, तशीच ही उलटी चाल.

खऱ्या अंतराळवीरांनाही ती ठेच खाऊनच कळली. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. ते त्याच्या दिशेनं जोर लावत राहिले, टप्पा दूर जात राहिला, आणि इंधन संपत चालल्यानं प्रयत्न सोडावा लागला. पुढच्याच वर्षी, १६ मार्च १९६६ रोजी, नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी जेमिनी ८ मधून इतिहासातलं पहिलं डॉकिंग केलं. त्यानंतर ३० वर्षांनीही चूक होऊ शकत होती. २५ जून १९९७ रोजी मिर स्थानकावरून प्रोग्रेस हे मालवाहू यान पडद्यावर पाहत हातानं जवळ आणलं जात होतं. ते वेळेत थोपलं नाही आणि स्पेक्त्र नावाच्या दालनावर आदळलं. हवा गळू लागली, तेव्हा अंतराळवीरांना तारा कापून ते दालन कायमचं वेगळं करावं लागलं.

हे सारं ठाऊक असलं की स्पेडेक्सच्या वेळची इस्रोची सबुरी उमगते. प्रत्येकी सुमारे २२० किलोंचे दोन उपग्रह ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि ४७५ किलोमीटर उंचीवर सोडले गेले. जोडणीची तारीख दोनदा पुढे गेली. १२ जानेवारीला ते एकमेकांपासून ३ मीटरवर आले, आणि तिथून मुद्दाम मागे घेतले गेले. १६ जानेवारी २०२५ रोजी गाठ बसली. अमेरिका, रशिया आणि चीन यांच्यानंतर भारत चौथा ठरला. नंतर जोडगोळी एकच वस्तू म्हणून हाताळून पाहिली, १३ मार्चला ती सोडवली, आणि २० एप्रिलला पुन्हा जोडली. या वेळी १५ मीटरपासून पुढचं सगळं उपग्रहांनी आपलं आपण केलं. दुसऱ्या दिवशी एका उपग्रहाची वीज दुसऱ्यातल्या हीटरला पोचली. चांद्रयान-४ आणि भारताचं नियोजित अंतराळ स्थानक या दोन्ही कामांना हीच विद्या लागणार आहे.

महागडा कॉम्प्युटर नसला तरी याची चव घेता येते. स्पेसएक्स कंपनीनं २०२० साली स्थानकाला यान जोडण्याचा सराव इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत खुला केला. त्यात अखेरच्या क्षणी यानाचा वेग सेकंदाला ०.२ मीटरच्या आत ठेवावा लागतो. जिल्ह्यातल्या शाळांनी कॉम्प्युटरच्या खोलीत एखादा तास त्यासाठी राखून ठेवावा, आणि मुलांची यानं दोन-चार वेळा आपटून झाली की पुढची सहल लोणारला न्यावी.