जुन्या घड्याळाची पारख : एचएमटी आणि 'मुंबई स्पेशल'

जुन्या मनगटी घड्याळाचे मोल सर्वांत जास्त त्याच्या तबकडीवर ठरते. मशीन दुरुस्त होते, काच आणि पट्टा बदलता येतो. पण कारखान्यातली छपाई एकदा पुसली गेली की परत मिळत नाही. ऑनलाइन खरेदीत फसगत बहुधा इथेच होते. जुनी तबकडी खरवडायची, तिला नवा रंग द्यायचा आणि त्यावर पुन्हा नाव छापायचे, हा भारतातला जुना धंदा आहे. अशा घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. फावर ल्युबा, वेस्ट एंड यांसारखी स्विस घड्याळे ज्या शहरातून देशभर गेली, त्या शहराचे नाव अशा मालाला चिकटावे हे खेदाचे आहे.

या रंगकामाचा मोठा मार एचएमटीच्या 'जनता' आणि 'पायलट' या घड्याळांना बसला. हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजे एचएमटीने, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळूरला घड्याळांचे उत्पादन सुरू केले. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 मध्ये घेतला. मधल्या काळात घड्याळे अमाप बनली, त्यामुळे सुटे भाग मुबलक उरले आणि चार घड्याळांच्या भागांतून पाचवे उभे करणे सोपे झाले. 'पायलट'ची मूळ ओळख साध्या काळ्या तबकडीची. तिरंगा, विमानदलाचे चिन्ह किंवा भडक नारिंगी रंग दिसला, तर ते नंतरचे काम समजावे.

तबकडीचा फोटो समोरून काढलेला, सरळ आणि मोठा करून पाहता येईल असा हवा. कारखान्याच्या छपाईत अक्षरांच्या कडा रेखीव असतात आणि मिनिटांच्या रेघा एकसारख्या जाडीच्या असतात. पुन्हा छापलेल्या तबकडीवर शाई फुगलेली दिसते, '17 ज्वेल्स'ची ओळ किंचित कलते, सहाच्या आकड्याखालची बारीक अक्षरे कडेखाली दबतात किंवा गायबच असतात. वयाचा मेळही पाहावा. केस झिजलेली, काटे काळवंडलेले आणि तबकडी मात्र कोरी करकरीत, असे सहसा होत नाही. काट्यांवरचा आणि आकड्यांवरचा चमकणारा रंगही एकाच छटेचा हवा.

यानंतर मागचे झाकण उघडून काढलेला मशीनचा फोटो मागावा. त्याशिवाय पैसे देऊ नयेत. 'जनता' आणि 'पायलट' यांत 17 खड्यांचे (ज्वेल्सचे) चावीचे मशीन असते, तर 'कांचन'सारख्या ऑटोमॅटिक घड्याळात 21 खड्यांचे. तबकडीवर ऑटोमॅटिक लिहिलेले आणि आत चावीचे मशीन, असा प्रकार एका फोटोत उघडा पडतो. मशीनभोवती प्लॅस्टिकचे कडे दिसले, तर लहान मशीन मोठ्या केसमध्ये बसवले असण्याची शंका घ्यावी. जुन्या सेइकोत पडताळणी आणखी सोपी आहे. झाकणावर मशीनचा क्रमांक असतो आणि तबकडीच्या खालच्या कडेलाही बारीक अक्षरांत तो छापलेला असतो. 7009 हे मशीन 17 खड्यांचे. त्याच्या तबकडीवर 21 ज्वेल्स छापलेले असेल, तर जोड जमत नाही.

मशीनची तब्येत फोटोत कळत नाही, म्हणून आवाजासह व्हिडिओ आणि शक्य असल्यास टायमिंग मशीनचे आकडे घ्यावेत. एचएमटीचे चावीचे मशीन तासाला 18,000, म्हणजे सेकंदाला 5 टिकटिक करते. पूर्ण चावी दिल्यावर बॅलन्स-चाकाचा झोका 200 अंशांखाली असेल, तर घड्याळजीकडे उघडून साफसफाई करण्याचा खर्च धरावाच लागतो.

किंमत ठरवताना विक्रेते मागतात ते आकडे उपयोगाचे नसतात. त्याच प्रकारचे घड्याळ प्रत्यक्षात कितीला गेले, हे पाहावे. पॉलिश करून गोल झालेल्या कडा आणि पितळ दिसू लागलेला मुलामा किंमत उतरवतात. रंगवलेली तबकडी विक्रेत्याने आधीच सांगितली असेल, तर वापरायला असे घड्याळ घेण्यात गैर काही नाही, मात्र त्याला मूळ घड्याळाचा भाव देऊ नये. पिवळट पडलेल्या मूळ तबकडीचे बंद 'जनता', साफसफाईचा खर्च वजा करूनही, नव्या रंगाच्या चालू घड्याळापेक्षा अधिक मोलाचे ठरते.