सव्वा महिना झाला तरी बाळंतिणीची विचारपूस थांबवू नका

भाईंदर : बाळंतपण माहेरी आणि सव्वा महिना झाला की सासरी परत. मीरा-भाईंदरमधल्या कितीतरी घरांत हेच चालतं. गावी आईच्या हाताखाली असलेली मुलगी इथल्या छोट्या खोलीत येते. नवरा सकाळच्या लोकलने कामाला जातो, मागे ती आणि बाळ. नवजात बाळासाठीच्या आशाताईंच्या ठरलेल्या घरभेटीही ४२व्या दिवशी संपतात. म्हणजे दोन्ही आधार एकदमच सुटतात. मनाचा आजार मात्र बाळंतपणानंतर वर्षभरात कधीही डोकं वर काढू शकतो.

साधं रडू की आजार?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेक जणींना होतं. दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. त्यानंतरही उदास वाटत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, 'मी चांगली आई नाही' असं सतत मनात येत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. भारतातल्या ३८ अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के, म्हणजे पाच जणींत एक असं निघालं. तेव्हा ही नाटकं नाहीत आणि आळसही नाही.

घरच्यांनी काय करावं?

'बाळ कसं आहे?' या प्रश्नासोबत 'तू कशी आहेस?' हेही विचारा. रात्री एखादी पाळी नवऱ्याने घ्यावी, तिला सलग चार-पाच तास झोपू द्यावं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला आरोग्य केंद्रात जाताच, तेव्हा तिचा त्रासही डॉक्टरांना सांगा. अंगावर पाजतानाही चालतील अशी औषधं असतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू किंवा बंद करा. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

इथे थांबू नका

भास होणं, बाळाबद्दल विचित्र संशय घेणं, जीव देण्याची किंवा बाळाला काही करण्याची भाषा बोलणं, असं काही दिसलं तर 'बाहेरचं' म्हणून अंगारे-धुपारे करत बसू नका. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बाळ तुटेल ही भीतीही नको. २०१७ च्या कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला सहसा वेगळं करता येत नाही. बाळाला धोका असेल तरच तात्पुरतं दूर ठेवतात.