मुलाचे खोटे बोलणे

मूल खोटे बोलले की पालकांचा हात प्रथम उठतो. परंतु चार वर्षांच्या बालकाने परसात वाघ पाहिल्याचे सांगितले, तर ते असत्य नव्हे. पाहिलेले व कल्पिलेले यांतील भेद त्यास अद्याप नीट उमगलेला नसतो. शाळेत जाणाऱ्या मुलाचे खोटे मात्र बहुधा भयापोटी असते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्या १९३२ सालच्या ग्रंथात मुलांना विचारलेला एक प्रश्न आहे : नकळत १५ पेले फोडणारा अधिक दोषी, की चोरून मुरंबा घेताना एक पेला फोडणारा? लहान मुले बहुधा पहिल्यासच दोषी ठरवीत. त्यांच्या लेखी हेतूपेक्षा नुकसान मोठे! म्हणून तेल सांडले असता “कोणी सांडले?” असे दरडावू नये. उत्तर समोर दिसत असता चौकशी कशाला? “फडके आण, पुसून घेऊ,” एवढे म्हणावे. खरे सांगूनही मार बसला, तर पुढील खेपेस ते मूल अधिक सफाईने खोटे बोलेल. शाळेतील छडी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने निषिद्ध ठरविली आहे. घरातील छडीचा विषय शिक्षकांनी पालकसभेत काढावा. सभेस पुष्कळदा आईच येते. वडिलांस निराळा निरोप धाडावा.